मदत हवी आहे: रेशमी ड्रेस, सगळा हाताने शिवायचा. उरेब (धाग्याला ४५ अंशात तिरकं) कापू की सरळ?

नमस्कार मंडळी,

शिवणकामाच्या एका चॅलेंजमध्ये नाव देऊन बसले आहे. अटी दोनच: कापड शुद्ध रेशमाचं हवं आणि मशीनला हात लावायचा नाही. परीक्षक ड्रेस उलटा करून आतली शिलाईही बघणार आहेत. मुदत सहा आठवड्यांची.

कापड आहे १६ मॉमेचं क्रेप द शीन, साडेतीन मीटर, पन्हा (रुंदी) ११४ सेंमी. (मॉमे हे रेशमाच्या वजनाचं माप. १ मॉमे म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम, तेव्हा माझं कापड ७० ग्रॅमच्या आसपास.) दोन्ही बाजू दिसायला सारख्याच. ठाण संपलं, त्यामुळे आणखी मिळणार नाही.

मनात आहे तो ड्रेस बिनबाह्यांचा, कंबरेला शिवण नसलेला, लांबी १०५ सेंमी. अंगावरून सुळकन खाली यायला हवा, म्हणून उरेब कापायचा विचार. पण गणित आडवं येतंय. पुढचा भाग अखंड, ५५ सेंमी रुंद धरला आणि ४५ अंशात तिरका ठेवला तर (१०५ + ५५) ÷ १.४१४ म्हणजे ११३ सेंमी पन्हा लागतो. काठ सोडले की संपलंच. खालचा घेर तर मी यात धरलेलाही नाही!

तर प्रश्न असे:
सरळ उभ्या धाग्यावर कापून मोकळी व्हावं का? की कंबरेला शिवण घ्यावी (जी मला मनातून नको आहे)?
उरेब शिवणीला हाताचा कुठला टाका टिकेल? फ्रेंच शिवण (कापलेल्या कडा आत बंद करणारी दुहेरी शिवण) घातली तर आतून देखणी दिसेल, असं वाटतंय.
नमुना मांजरपाटाचा करून चालेल का?

प्रतिसाद

सरळ कापू नका, क्रेप वाया जाईल. कंबरेची शिवणही नको. शिवण मधोमध घ्या, पुढे एक आणि मागे एक. अखंड उरेब तुकड्यात उभे धागे एका बाजूला आणि आडवे दुसऱ्या बाजूला तिरपे जातात. दोघांची ताण सारखी नसते, त्यामुळे घातल्यावर ड्रेस एका अंगाला पिळतो. मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना धागे एकमेकांच्या आरशात पडले की तो पीळ निघून जातो.

आता हिशेब. चार तुकडे, प्रत्येकी खालच्या घेरासकट ३८ सेंमी रुंद धरा. (१०५ + ३८) ÷ १.४१४ = १०१. पन्ह्यात बसतंय. तुमच्या कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, हे तर घबाडच! चारही तुकडे एकाच दिशेने तिरके, एकाला एक लागून कापा आणि त्यातले दोन उलटे करून जोडा, आरसा आपोआप होतो. लांबी लागेल साधारण २ मीटर ६५ सेंमी. उरलेल्यात गळ्याच्या आणि मुंढ्याच्या पट्ट्या निघतील. शार्मूझ (एका बाजूने चकचकीत, दुसरीने मंद रेशीम) असतं तर ही युक्ती चालली नसती.

उरेब कट ज्यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत गाजवला, त्या मादलेन व्हियोने यांच्यासाठी जास्त पन्ह्याचं क्रेप मुद्दाम विणून घेतलं जाई. आपल्याला ती चैन नाही, म्हणून मधली शिवण.

प्रतिसाद

वरचं सगळं मान्य, पण कापड धुतलंय का? क्रेपचा धागा पिळदार असतो, पाण्यात आटतो. आधी २० बाय २० सेंमीचा तुकडा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मोजा. मगच कागदावर आकडे मांडा.

टाक्याचं म्हणाल तर फ्रेंच शिवण खांद्याला घाला, लांब उरेब शिवणीला नको. चार पदरांचा कडक कणा तयार होतो, बाजूचं कापड लोंबतं आणि शिवण वर ओढलेली दिसते. त्यापेक्षा बारीक धावदोरा घाला, दर चार-पाच टाक्यांनी एक टीप (मागे परतून घेतलेला टाका), आणि शिवताना कापड बोटांत किंचित ताणून धरा, म्हणजे दोरा तुटणार नाही. उरेब कडेचे धागे फारसे सुटत नाहीत. मार्जिन अडीच सेंमी ठेवा, उघडून इस्त्री करा, कडेवरून सैल टाके घ्या. परीक्षकांनी उलटून बघितलं तरी स्वच्छ दिसेल.

खांद्याला रेशमी ऑर्गन्झाची (पातळ पण ताठ कापड) सरळ धाग्यावर कापलेली अरुंद पट्टी आतून लावा, नाहीतर खांदे उतरतील.

दोरा रेशमाचाच घ्या. मेण लावलंत तर दोरा कागदात धरून इस्त्री फिरवा, नाहीतर मेणाचा डाग कापडावर उतरतो. सुई १० किंवा ११ नंबर, दोरा हातभरापेक्षा लांब नको.

मांजरपाटावर फक्त मापं कळतील, पडण कळणार नाही. नमुन्याला व्हिस्कोज क्रेप घ्या, तेही उरेबच कापून.

धागाकर्ती

काय नेमकं विचारलंत! तुकडा धुतला. पन्ह्याच्या बाजूने २० चे १९ झाले, लांबीकडून १९.४. म्हणजे पन्हा १०८ आणि लांबी ३ मीटर ३९ धरायची. अखंड पुढचा भाग आता बसणारच नाही. १०१ मात्र बसतंय, काठ सोडूनही. मधली शिवण नक्की.

एकच राहिलं. कापड टेबलावर ठेवलं की घरंगळतं. तिरकी रेघ ४५ अंशाचीच राहील हे कसं बघायचं? आणि खालची दुमड कधी करायची?

प्रतिसाद

टेबलावर मोठा पातळ कागद पसरून त्यावर आधी काठाची सरळ रेघ आणि तिच्याशी ४५ अंशांची रेघ आखा. कापड एकेरी पसरा, काठ रेघेला लावा, कडेने कागदाला टाचा आणि कागदासकट कापा. टाचण्या फक्त मार्जिनमध्ये, बारीक घ्या, रेशमावर भोक राहतं. आणि अजूनही घरंगळलं तर कापड जिलेटिनच्या पाण्यातून काढून वाळवा, कागदासारखं ताठ होतं. शिवून झाल्यावर धुतलं की जिलेटिन जातं. आधी त्या धुतलेल्या तुकड्यावर करून बघा, रंग हलतो का तेही कळेल.

दुमड अगदी शेवटी. ड्रेस निदान एक दिवस टांगून ठेवा, दोन ठेवलात तर उत्तम. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली येतं, आणि सगळीकडे सारखं येत नाही. मग तो अंगावर घाला, दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून वर मोजून खुणा करायला सांगा आणि त्यावरून कापा. तीन मिलिमीटरची गुंडाळलेली दुमड या वजनाला शोभते, पण घेर मोठा असल्याने तिला दोन संध्याकाळी सहज जातील. सहा आठवड्यांच्या वेळापत्रकात तेवढी जागा आत्ताच राखून ठेवा.