जेजुरीचा नवस आहे, बाळं अजून तान्ही आहेत, कधी न्यावं?

माणदेशी_आजी
नमस्कार सगळ्यांना. खंडोबाच्या कृपेने आमच्याकडे जुळी नातवंडं झाली, एक मुलगा एक मुलगी. दिवस भरायच्या आत आठव्या महिन्यातच झाली त्यामुळे बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, आता घरी आलीत आणि दूध छान ओढतात. दवाखान्यात सिस्टरने कांगारू केअर शिकवली, नातीला नुसत्या लंगोट-टोपीवर माझ्या छातीशी ठेवायची आणि वरून शाल गुंडाळायची, तिचा श्वास माझ्या गळ्याला लागायचा आणि मी मनात मल्हारीचं नाव घेत बसायचे. तेव्हाच बोलले की देवा दोघं धडधाकट घरी येऊ देत, जेजुरीला तळी भरीन आणि दोघांना तुझ्या पायावर घालीन. आता ह्यांचं म्हणणं यंदाच्या चंपाषष्ठीलाच जाऊ, सून म्हणते एवढ्या गर्दीत नि भंडाऱ्यात नको. मला तिचं पटतंय पण नवस लांबवलेला चालतो का? मनाला लागून राहिलंय. कुणी तान्ही बाळं घेऊन गेलंय का गडावर?

पुरंदरकर
आजी, आधी अभिनंदन! आम्ही जेजुरीच्या जवळचेच. चंपाषष्ठी आणि सोमवती अमावस्या हे दिवस तान्ह्या बाळांना अजिबात नकोत. सोमवतीला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते तेव्हा भंडारा असा उधळतात की सगळा गड पिवळा होतो, मोठ्या माणसांनाही ठसका लागतो. रविवारीही गर्दी असतेच. पुढे न्याल तेव्हा मधला वार धरा, सकाळी लवकर, आणि बाळ कडेवर घेणाऱ्याने पायऱ्या जपून उतरायच्या, सांडलेल्या भंडाऱ्याने पाय सटकतो. कडेपठारचा, म्हणजे वरच्या डोंगरावरच्या जुन्या देवळाचा चढ तर यावेळी सोडूनच द्या.
आणि तळी घरी भरता येते की! चंपाषष्ठीला घरोघरी भरतातच. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, पैसे ठेवायचे, पाच जणांनी धरून "सदानंदाचा येळकोट" म्हणत तीनदा उचलायचं, वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य. तळी यंदा घरी भरा, पायावर घालणं पुढच्या वर्षी. आमच्याकडे असंच करतात, कुणी काही म्हणत नाही.

सिस्टर_पुणे
मी नवजात विभागात काम करते म्हणून लिहिते. लवकर झालेल्या बाळांची फुप्फुसं नाजूक असतात, हवेतली हळदीची पूड आणि गर्दीतला सर्दी-खोकला दोन्ही त्रासाचं. सूनबाई बरोबर बोलतायत. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसी जन्मतारखेपासून मोजून वेळेवर द्या, लवकर झालीत म्हणून आपल्या मनाने पुढे ढकलू नका. गोवर-रुबेलाची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर असते, ती होऊ दे आणि मग तुमच्या डॉक्टरांना विचारूनच प्रवासाचं ठरवा. घरी तळी भराल तेव्हा भंडारा उधळू नका, बाळांना दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पाहुण्यांनी हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, मग कितीही जवळचे असोत.

माळकरी
माउली, आमच्या घरात वारी आहे, नवस बोलत नाहीत. पण आजीचा जीव कसा तुटतो ते मला माहितीय, माझी नातही पेटीत होती. देव काय सावकार आहे का तारीख चुकली म्हणून व्याज लावायला? तुमचं मन तिथेच आहे हे त्याला कळतं. एक सुचवतो, त्या वॉर्डाबाहेर खेड्यापाड्यातून आलेल्या आज्या सतरंजी टाकून बसलेल्या असतात, कित्येकींचं जेवणही धड होत नाही. नात घरी आल्यावर आम्ही तिथे पिठलं-भाकरी, ठेचा घेऊन जायला लागलो, अजूनही दर एकादशीच्या दुसऱ्या दिवशी जातो. एक बाई जेवता जेवता मला पेटीतल्या नातवाचं वजन सांगत होती, कालपेक्षा वीस ग्रॅम वाढलं म्हणून. देवाला याहून वेगळं काय द्यायचं मला तरी सुचलं नाही.

माणदेशी_आजी
सगळ्यांचे आभार, वाचता वाचता रडूच आलं. ह्यांना दाखवलं, तेही तयार झाले, यंदा तळी घरीच. आणि येत्या द्वादशीपासून डबे न्यायचे, आमचा दवाखाना जवळच आहे. आता एकच विचारायचंय, तळी उचलायला पाच पुरुषच लागतात का? नातवाला छातीशी घेऊन आमच्या विहीणबाई बसायच्या, त्यांचाही हात ताम्हनाला लागावा असं मला फार वाटतं.

पुरंदरकर
गावात बहुतेक पुरुषच उचलतात. पण आमच्या घरी वडील गेल्यापासून आई उचलते, ताम्हनाला पहिला हात तिचाच असतो. विहीणबाईंना खुशाल बोलवा, आणि तुम्हीपण धरा.