काचेवर टाचणी रुतत नाही
मॉडेल विमानाचा पंख जुळवायला सपाट बोर्ड कशाचा घ्यावा, या प्रश्नावर एकाने जाड काच सुचवली आहे. सपाटपणात काचेला तोड नाही, पण बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) रिब म्हणजे पंखाच्या फासळ्या आणि स्पार म्हणजे पंखाची लांब पट्टी, हे प्लॅनवर (पंखाच्या कागदी आराखड्यावर) धरून ठेवायला टाचण्या लागतात, त्या काचेत कशा टोचणार? माझं मत: खाली फ्लश डोअर (सपाट लाकडी दार), वर १२ मिमी सॉफ्टबोर्ड, नोटीस बोर्डाला वापरतात तोच. नुसता सॉफ्टबोर्ड पावसाळ्यात वाकतो आणि त्याचा पीळ थेट पंखात उतरतो. असं विमान हातातून सुटताच एका बाजूला वळतं. दार घेताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणा. मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. वरचा दोरा खाली घेऊनही बघा. फट दिसली तर ते दार नको. आणि प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक पसराच, नाहीतर फेव्हिकॉलने पंख कागदालाच चिकटतो.