आईबाबांचं कनेक्शन रिन्यू करताना

विषय: डिचोलीच्या घरचं ब्रॉडबँड, भाव कसा करायचा?
प्रेषक: डिचोलीचा, सध्या रेडिंग

सप्रेम नमस्कार मंडळी,

डिचोलीच्या घरचं ब्रॉडबँड आणि फोनचं कनेक्शन चतुर्थीच्या आधी संपतंय. कंपनीचा मेसेज आलाय की सवलतीचा दर संपला, आता महिना ५९९ रुपयांचा प्लॅन घ्या आणि वर्षाचे पैसे एकदम भरा. पैसे मी इथूनच, इंग्लंडमधून, भरतो. त्या प्लॅनमध्ये ओटीटीची चार-पाच अॅप आहेत, ती आईबाबा उघडतसुद्धा नाहीत. आई सकाळी यूट्यूबवर कीर्तन लावते आणि रात्री नातवंडांशी व्हिडिओ कॉल, एवढाच वापर. बाबांना मात्र लँडलाइन हवीच. भटजींपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडे तोच नंबर आहे.

माझं इथलं ब्रॉडबँडचं कंत्राटही याच सुमारास संपतंय. इथे मंडळात सगळे सांगतात की फोन करून "सोडतो" म्हटलं की भाव उतरतो. गोव्यात असं काही चालतं का? आणि बोलायचं कोणाशी?

--------

विषय: उत्तर: डिचोलीच्या घरचं ब्रॉडबँड
प्रेषक: फोंड्याची काकू

बाळा, चालतं. पण कॉल सेंटरला फोन करून नव्हे.

तिकडे एक मोठी कंपनी आणि तिचा "ग्राहक सोडून जाऊ नये" म्हणून बसवलेला विभाग असतो. आपल्याकडे घरापर्यंत वायर आणणारा बहुतेक वेळा स्थानिक केबलवालाच असतो. बीएसएनएलची फायबरसुद्धा बऱ्याच गावांत अशाच भागीदारांमार्फत येते, आणि महिन्याच्या पैशातला वाटा त्यांना मिळतो. त्यामुळे तुझं एक घर गेलं तर कंपनीला पत्ता लागत नाही, पण त्या माणसाला लागतो. बोलायचं ते त्याच्याशी. छापील दर सहसा त्याच्या हातात नसतो, तेव्हा "दर कमी कर" म्हणून अडून बसू नकोस. वर्षामागे एक-दोन महिने जास्त, नवा राउटर, शिफ्टिंगचे पैसे माफ, हे बरंचसं तो देऊ शकतो.

आधी वाड्यावर, म्हणजे आपल्या वस्तीत, आणखी कोणाची फायबर आली आहे ते बघ. वेबसाइटवर पिनकोड टाकला की "उपलब्ध" असं येतं, त्याच्यावर जाऊ नकोस. वरच्या वाड्यावर असते आणि खालच्या वाड्यावर नसते, हे गोव्यात सर्रास. शेजारच्यांना विचार, त्यांचं बिल व्हॉट्सअॅपवर मागून घे. दुसरी वायर दारापर्यंत येऊ शकते हे नक्की ठाऊक असेल तरच "नाहीतर बदलतो" म्हणण्यात जोर असतो. नुसता दम दिलेला त्या लोकांना बरोबर कळतो.

आता हिशेब. ५९९ म्हणजे ५९९ नव्हे, वर १८ टक्के जीएसटी. महिन्याला ७०७ रुपये झाले, वर्षाचे साधारण ८,४८०. त्याने "वर्षाचे भरा, एक महिना फुकट" म्हटलं तर तेच पैसे तेरा महिन्यांना पुरतात, महिना साधारण ६५२. ऐकायला बरं वाटतं. पण ३९९ चा साधा प्लॅन असेल तर जीएसटी धरून ४७१, वर्षाचे ५,६५०. म्हणजे खरी बचत फुकटच्या महिन्यात नाही, नको ती अॅप आणि नको तो स्पीड सोडण्यात आहे. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, कीर्तनाला त्याहून फार लागत नाही. सगळ्यात खालचा फायबर प्लॅनसुद्धा त्या दोघांना भरपूर आहे.

"पण आतल्या खोलीत नेट येत नाही" असं वहिनी म्हणतील, आणि तो माणूस लगेच वरचा प्लॅन सुचवेल. इथे ठाम राहा. तुमचं घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या मागे ठेवलेला असतो, त्याचा सिग्नल दोन भिंती ओलांडेपर्यंत संपतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी देवघराशेजारच्या खोलीत तेच. त्याला सांग की राउटर मधल्या चौकाकडे हलवून दे, नाहीतर आतपर्यंत एक लॅन केबल ओढून तिथे दुसरा छोटा राउटर बसव. हे काम रिन्यूअलच्या बोलण्यातच मागून घ्यायचं. एकदा पैसे गेले की त्याच कामाचे वेगळे पैसे सांगतात. आणि फोनमध्ये वायफायची दोन नावं दिसत असतील तर "५जी" लिहिलेलं सोडून दुसरं लावायला सांग. ते भिंतीतून जास्त आत पोचतं.

वर्षाचे पैसे एकदम देऊ नकोस असं माझं मत आहे, आणि ते मी अनुभवाने सांगते. आमच्या शेजारणीने एप्रिलमध्ये वर्षाचे भरले. जुलैत माड पडून वायर तुटली आणि पुढे रोज "आज येतो, उद्या येतो". पैसे आधीच गेलेले, मग घाई कोणाला? सहा महिन्यांचे भर. दर वाढेल अशी भीती घालतील, पण ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्याचे दर वाढवता येत नाहीत. आणखी एक नियम बाबांना सांगून ठेव: बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर त्या काळाच्या पैशांची सूट ग्राहकाला द्यावी लागते, ट्रायच्या २०२४ च्या नियमांत हे आहे. पण ती मिळण्यासाठी तक्रार कंपनीच्या नंबरवर नोंदवलेली हवी आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, हवा. लाइनमनला घरी बोलावून सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं आपल्या लोकांना वाटतं, तिथेच आपला हक्क बुडतो. त्यांनी दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

लँडलाइनचं नीट ऐक. आपल्याकडे मोबाइल नंबर कंपनी बदलून नेता येतो, लँडलाइनचा नेता येत नाही. म्हणजे तो ०८३२ चा नंबर ज्या कंपनीचा, तिच्याकडेच राहणार. त्या माणसाला हे माहीत असतं. बोलताना "बाबांना तोच नंबर हवा" हे वाक्य चुकूनही काढू नकोस, नाहीतर भाव तिथेच संपला. तो म्हणेल "नंबर जाईल हां". तू म्हण, "जाऊ दे, मोबाइल आहे." आणि मनातून मात्र हाच नंबर राखायचा हे ठरवून ठेव, कारण भावजींचं म्हणणं खरंच आहे. या वयात सगळ्यांना नवा नंबर कळवत बसणं त्यांना जमायचं नाही, त्यांनी तसं करावंही का?

दोघांचे मोबाइल रिचार्जही याच वेळी बघून घे. घरी वायफाय असताना रोजचा दीड-दोन जीबी डेटा कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायला लावले, तेही आता ३६५ दिवसांपर्यंतचे मिळू शकतात. दुकानदार स्वतःहून दाखवत नाही, विचारावं लागतं.

शेवटचं. भावजींना या बोलण्यात घालू नकोस. तो मुलगा दारात आला की ते चहा देणार आणि "बरं बरं, कर" म्हणणार, मी ओळखते त्यांना. तूच व्हॉट्सअॅपवर लिही, साध्या शब्दांत: "भाऊ, सहा महिन्यांचे भरतो. ३९९ चा प्लॅन, फोन चालू, राउटर हलवून देणे, वर एक महिना. जमत असेल तर 'हो' म्हणून कळवा." त्याचं "हो" लेखी आलं की जुलैत कोणी काय कबूल केलं होतं याचा वाद उरत नाही. आणि त्याच्याशी गोडीत राहा. पावसात खांबावर चढणारा तोच आहे.

--------

विषय: उत्तर: उत्तर: डिचोलीच्या घरचं ब्रॉडबँड
प्रेषक: स्लावची ताई

काकूंचं गोव्याचं झालं, मी रेडिंगचं सांगते. कंत्राट संपायच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने तुला कळवायलाच हवं, आणि त्या पत्रात नव्या ग्राहकांना काय दर आहे तेही लिहायला हवं. फोन करताना ते पत्र समोर ठेव. "नव्याला हा भाव, मग मला का नाही?" एवढंच विचार आणि गप्प बस. सप्टेंबर २०२४ पासून इथे फक्त नव्या कंपनीला कळवलं की जुनं कनेक्शन तीच परस्पर बंद करून घेते, त्यामुळे बदलायला पूर्वीसारखा त्रास राहिलेला नाही, हे त्यांनाही माहीत आहे. फोनवर नवं कंत्राट घेतलंस तरी १४ दिवसांत मोडता येतं. आणि मधल्या दरवाढीचा आकडा पौंड-पेन्समध्ये लिहून माग. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या कंत्राटांत तो स्पष्ट असलाच पाहिजे. इथे लँडलाइनचा नंबर बरोबर नेता येतो, ती चिंता नको.

--------

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: डिचोलीच्या घरचं ब्रॉडबँड
प्रेषक: मडगावचे काका, दूरसंचार खात्यातून निवृत्त

फोंड्याच्या वहिनींनी सगळं बरोबर सांगितलं आहे, फक्त एक गोष्ट राहिली आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरात ती भावापेक्षा महत्त्वाची आहे.

जुन्या तांब्याच्या लाइनीवर फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, साधारण ४८ व्होल्ट. घरची लाईट गेली तरी फोन चालू. फायबरमधून वीज येत नाही. फायबर घरात ज्या पांढऱ्या डब्याला येऊन जोडते त्याला लाईट लागते, आणि लाईट गेली की नेट बंद, लँडलाइनही बंद. पहिल्या पावसात डिचोलीत लाईट किती वेळा जाते हे तुला सांगायला नको. नेमकं त्याच रात्री बाबांना डॉक्टरांना फोन करायचा असेल तर?

म्हणून त्या मागणीत राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी, घाल. घेण्याआधी डब्याच्या अॅडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो आईकडून मागव. बहुतेक १२ व्होल्ट असतं, पण बघूनच घे. डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना जोड हवी. फोनही कॉर्डलेस नको, त्याच्या बैठकीला स्वतंत्र लाईट लागते. डब्याच्या मागे "फोन" लिहिलेल्या खाचेत वायरचा साधा जुना हँडसेट लावायचा.

तिकडे ब्रिटनमध्येही जुन्या तांब्याच्या फोनलाइनी जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहेत. लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला लाईट गेल्यावर निदान तासभर आणीबाणीचा फोन करता येईल अशी सोय कंपनीने द्यायची असते. आपल्याकडे ती आपण मागून घ्यायची.

केबलवाल्याचं "हो" आलं की मला कळव. त्या बाजूला माझं जाणं असतं, राउटर हलवताना मी समोर उभा राहीन.

--------

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: डिचोलीच्या घरचं ब्रॉडबँड
प्रेषक: डिचोलीचा, सध्या रेडिंग

काकू, ताई, काका, मनापासून आभार. शेजारच्या घरात दुसऱ्या कंपनीची फायबर आहे असं आईने कळवलंय, त्यांचं बिलही आलं. अॅडॅप्टरचा फोटो आला, १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. काकूंनी लिहून दिलेला मेसेज यूपीएस जोडून आजच पाठवतोय.