शब्दचर्चा: नवसागर, सीसीसी आणि ‘चतुर्थक’

द्राक्षवाला, अथणी: खरड छाटणी झाली की शेंडा थोपवायला आमच्याकडं सगळे सीसीसी मारालेत. बाटलीवर नाव क्लोरमेक्वॅट क्लोराइड. पोरगा म्हणतोय, हे अमोनियमचं मीठ. म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागरच काय? आणि पुस्तकातलं ‘चतुर्थक अमोनियम’ कुठलं?

मास्तरीण, खानापूर: नात्यातले आहेत, पण सख्खे नव्हेत. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बशीत चिमूटभर घेऊन ओल्या चुन्यात घोटा, नाकात झणका बसतो. नायट्रोजनला चिकटलेल्या चार हायड्रोजनांतला एक चुन्यानं ओढला, अमोनिया सुटला. त्या चारही जागी कार्बनचे गट बसवले की ते चतुर्थक. मग चुना ओढणार काय? वास नाही, धनभारही कायमचा. ‘प्रतिस्थापित’ म्हणजे हायड्रोजनच्या जागी दुसरं बसवलेलं; तो शब्द जास्त व्यापक, त्यात एक जागा बदललेलीही येते. मला ‘चतुर्थक’ खटकतो. चौथा असा कुणी नाहीच, चारही बदललेत. वर्गात मी ‘चौबदल’ म्हणते, पोरं हसतात.

दुकानदार, निपाणी: नवसागरात सागर कुठला हो? संस्कृतात नवसादर, फारसीत नौशादर. आमच्या कानानं समुद्र केला की काय! कन्नड गिऱ्हाईकही नवसागरच मागतं. जखम धुवायचं सेट्रिमाइड चतुर्थकच ना?

मास्तरीण, खानापूर: हो. जंतूचं आवरण फोडतं. पण आधीचा साबण नीट धुवा. साबणाचा ऋणभार त्याला धरून बसतो नि औषध वाया. शरीरात मात्र गंमत वेगळी. नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं असिटिलकोलीन चतुर्थकच. आमच्या रानातल्या काजऱ्याचं स्ट्रिक्नीन आचके आणतं. त्याच्या नायट्रोजनवर मिथिल हा कार्बनचा गट चढवून चतुर्थक केलं की उलट स्नायू लुळे पडतात. 1868 मध्ये एडिंबरोत क्रम ब्राउन आणि फ्रेझर या संशोधकांनी हे दाखवलं. तुमचं सीसीसी, असिटिलकोलीन ज्यापासून बनतं त्या कोलीनचंच भावंड: कोलीनच्या टोकाला ओएच, त्याजागी इथं क्लोरीन. वेलात ते जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊ देत नाही, म्हणून पेरं आखूड राहतात. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते याच्याच अवशेषांपायी. आणि ‘मीठ’ नको, ‘क्षार’ म्हणा.

द्राक्षवाला, अथणी: क्षारच म्हणतो बाई. बाटली मिठाच्या बरणीशेजारी फळीवर होती, आत्ताच उचलून गोठ्यातल्या पेटीत कुलपात ठेवली.