एकाच परिसरातल्या जंगली जोडीपासून बुलस्नेकची पैदास: करावी की करू नये?

प्रेअरीवासी (विचिटा, कॅन्सस)
भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. बुलस्नेक हा बिनविषारी साप कॅनडातल्या अल्बर्टा-सस्कॅचेवानपासून मेक्सिकोच्या ईशान्य भागापर्यंत, अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात राहतो. लांबी चार ते सहा फूट, अंग भरलेलं, खाणं उंदीर, खारी आणि जमिनीखाली बिळं करणारे गोफर. शेतकऱ्याच्या लेखी आपल्याकडे धामण जी, तोच इथे हा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तो पाळायला कायद्याची आडकाठी नाही.

माझं मत असं की बुलस्नेकची पैदास करायचीच, तर एकाच ठिकाणच्या जंगली नर-मादीपासून करावी आणि पिल्लांबरोबर त्या ठिकाणाची नोंदही द्यावी. आज विकायला असतात ते बहुतेक अल्बिनो, पांढऱ्या कुशीचे, नक्षी पुसट झालेले. त्यांचे पूर्वज कुठल्या राज्यातले, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. इलिनॉयमधल्या कँककी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लालसर बुलस्नेकना आज पाळणाऱ्यांमध्ये वेगळी ओळख आहे, ती कुणीतरी ती ओळ, म्हणजे तो वंश, दुसऱ्यात मिसळू दिली नाही म्हणूनच.

मी परवाना काढून पश्चिम कॅन्ससच्या एकाच काउंटीतून नर आणि मादी आणली आहे. हिवाळ्यात अडीच-तीन महिने १०-१२ अंशांवर शीतनिद्रा, वसंतात जोडी लावायची, अंडी २७-२८ अंशांवर उबवायची, दोनेक महिन्यांत पिल्लं. जंगलाचं यात नुकसान होतं असं मला वाटत नाही. खडीच्या रस्त्यावर उन्हाला पडलेला बुलस्नेक गाडी जवळ आली की शेपूट थरथरवतो, जोरात फुत्कारतो, आणि लोक त्याला शेपूट वाजवणारा विषारी रॅटलस्नेक समजून मुद्दाम चाक घालतात. एका उन्हाळ्यात एका रस्त्यावर असे जितके मरतात, त्यापुढे माझी एक जोडी किती?

दक्षिण_टेक्सास
पूर्ण अनुमोदन. आमच्याकडच्या किंग्जव्हिल भागातले लाल बुलस्नेक एकदा पाहा, मग ठिकाण का जपायचं ते कुणी समजावून सांगायला नको. दहा वेळा मिसळलेला रंगीत साप मला फुकट दिला तरी नको.

माळरान (मॅडिसन, विस्कॉन्सिन)
मी याच्या विरोधात आहे. रस्त्यावर मरणाऱ्यांचा हिशेब तुमच्या बाजूनं लागत नाही. आधीच इतके मरत असतील, तर उरलेल्यातली एक प्रौढ मादी उचलणं जास्त महाग पडतं, स्वस्त नाही. या सापाची बहुतेक पिल्लं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मरतात. मादी वयात यायला काही वर्षं लागतात, आणि उत्तरेकडे ती दरवर्षी अंडी घालतेच असंही नाही. म्हणजे एका ठिकाणचा वंश टिकतो तो थोड्याशा प्रौढ माद्यांच्या जिवावर.

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये या सापांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून अभ्यास झाला आहे. नदीकडेच्या उघड्या, उन्हाच्या, गवताळ उतारांवर ते वावरतात, आणि असे उतार झाडोरा माजल्यामुळे कमी होत चालले आहेत. तुम्ही कँककीचं उदाहरण दिलंत. इलिनॉयची मूळ प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ, चांगल्या अवस्थेत उरली आहे ती सुमारे ०.०१ टक्का. एवढ्याशा तुकड्यावरच्या सापाला 'अमुक काउंटीचा अस्सल' अशी चिठ्ठी लावून किंमत आली, की पुढच्या वसंतात तिथे कोण कोण पोचेल याचा विचार करा. दगड, पत्रे उलटून, बिळं उकरून जागेची नासधूस करणारेही त्यातच असतात.

प्रेअरीवासी
नासधूस करणाऱ्यांचं समर्थन मी करत नाही, आणि मी काउंटीच्या पुढे ठिकाण कुणालाच सांगत नाही. पण विस्कॉन्सिन म्हणजे या सापाच्या वस्तीची कड आणि कॅन्सस म्हणजे गाभा. तिथला नियम इथे तसाच लावणं मला मान्य नाही. शिवाय पैदाशीची पिल्लं मिळायला लागली की जंगलातून धरायची गरजच कमी होते. तुमच्या म्हणण्यातली मागणी तर आम्हीच भागवतो आहोत.

माळरान
साध्या पाळीव सापाची मागणी भागते, ते कबूल. ती आजच्या रंगीत सापांनीही भागतेच आहे. पण ठिकाणाची चिठ्ठी हवी असणारा माणूस वेगळा असतो. त्याला एका काउंटीचा मिळाला की दुसरीचा हवा होतो, आणि दर नव्या ठिकाणासाठी कुणीतरी पुन्हा माळावर जातो.

गणिती (बंगळुरू)
सापातलं मला काही कळत नाही, आकड्यांचं सांगतो. एकाच जोडीपासून सुरुवात केली तर मूळ वस्तीतल्या जनुकीय विविधतेचा सरासरी ७५ टक्के भाग पिल्लांकडे येतो. सूत्र १ वजा १/(२ × संख्या), संख्या म्हणजे सुरुवातीची जनावरं, इथे २. पुढची पिढी त्याच भावंडांची जोडी लावून काढली, की त्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आई आणि बापाकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक येण्याची शक्यता) ०.२५. म्हणजे 'या ठिकाणचा साप जपला' असं म्हणता म्हणता दोन-तीन पिढ्यांत हातात उरतात ते एकाच घरचे साप. जपायचं असेल तर एकमेकांच्या नात्यात नसलेली बरीच जनावरं लागतील, आणि मग माळरान यांचा आक्षेप आणखी मोठा होतो.

कृष्णाकाठ (मिरज)
आमच्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं हा प्रश्नच मिटवला आहे. साप पाळायचा नाही, पकडला तर सोडायचा. मी घरांत निघालेल्या धामणी, नाग, घोणस पकडून सोडतो. धामण नुसती पिशवीत घातली तरी किती धडपडते ते हाताला कळतं. जंगलात मोठं झालेलं जनावर तीन-चार फुटांच्या पेटीत आयुष्यभर ठेवायचं, ते कशासाठी? तमिळनाडूतली इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८पासून चालते. तिथेही विष काढून झालं की ठरावीक मुदतीनं साप परत सोडतात, आणि ते विष माणसं वाचवायला जातं. तुमच्या पेटीतून कुणाचं काय भलं होतं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

प्रेअरीवासी
मनापासून विचारलंत म्हणून सांगतो. या सापाला जवळून पाहिल्याशिवाय माणसं त्याला वाचवत नाहीत. माझी मादी अंडी घालायच्या आधी खोल वाळूच्या पेटीत काय करते ते पाहायला हवं. तोंडाच्या टोकावरच्या टोकदार खवल्यानं वाळू सैल करते, मग मान वाकवून त्या आकड्यात वाळू धरते आणि मागे सरकत बाहेर ओढून टाकते. हातपाय नसलेला प्राणी असा खणू शकतो, हे शेजारच्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं आमच्या घरी पाहिलं. आता त्याच्या शेतात बुलस्नेक निघाला की तो फावडं उचलत नाही, मला फोन करतो.

जनावरांची_डॉक्टर (डॅलस)
पैदाशीला माझा विरोध नाही, पण दोन गोष्टी इथे कुणीच बोललं नाही.

पहिली म्हणजे जंगली सापाबरोबर येणारे पाहुणे. जंत, माइट (अंगावरचे बारीक किडे) हे औषधानं जातात. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला सूक्ष्म परजीवी मात्र भयंकर. साप खाल्लेलं ओकतो, पोटाच्या मधल्या भागाला गाठीसारखी सूज येते, वाळत जातो, आणि यावर भरवशाचा उपाय नाही. सापांना होणारा बुरशीजन्य रोगही आहे, त्यात खवल्यांवर खपल्या धरतात, तोंड सुजतं. जंगली जोडी निदान काही महिने वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळे चिमटे, विष्ठेची पुन्हा पुन्हा तपासणी. आणि तोंडाचं टोक रोज पाहा. धरून आणलेला प्रौढ बुलस्नेक पेटीच्या जाळीवर तोंड घासत राहतो, तिथलं खवलं सोलवटतं, मग तोंड पिकतं. अशा सापाची जोडी लावायची घाई करू नये.

दुसरी गोष्ट, इतर सापांबरोबर घरात राहिलेली मादी किंवा तिची पिल्लं त्या माळावर परत सोडायची नाहीत. कितीही चांगल्या मनानं वाटलं तरी नाही. तुमच्या घरातला रोग तिथे नसेलही.

दक्षिण_टेक्सास
मग मधला मार्ग आहे की. गाभण मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणायची, ती एकटीच खोलीत, दुसरा साप घरात नाही, अंडी घातली की जिथून उचलली तिथेच सोडायची. मादी जंगलाची जंगलात आणि पिल्लं ठिकाणासकट आपल्याकडे. सोडायला राज्याची परवानगी लागत असेल तर घ्यायची.

माळरान
प्रौढ मादी वाचते, म्हणून हे मूळ बेतापेक्षा नक्कीच बरं. पण त्या वर्षाची तिची सगळी अंडी गेली, आणि अंडी घालून खंगलेली मादी हिवाळा यायच्या आत अंग भरून काढेल का, हा प्रश्न राहतोच.

वंश जपणं खरंच कसं असतं त्याचं उदाहरण याच कुळातलं आहे. लुइझियाना पाइन स्नेक, बुलस्नेकचा जवळचा नातलग. २०१८ मध्ये तो केंद्राच्या कायद्याखाली 'संकटग्रस्त' ठरला. त्याआधीपासून, २०१० पासूनच, प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली पिल्लं लुइझियानातल्या किसॅची राष्ट्रीय वनात सोडली जात आहेत. प्रत्येक सापाची वंशनोंद एका वहीत, कुणाची जोडी कुणाशी लावायची ते त्या वहीवरून, आणि सोडायच्या आधी तिथलं जंगल नीट केलेलं. इथे जे चाललंय त्याला छंद म्हणा, माझी हरकत नाही. त्याला संवर्धन म्हणू नका.

प्रेअरीवासी
संवर्धन हा शब्द मी वापरलेला नाही. मी म्हणतो ते एवढंच की लोक बुलस्नेक पाळणारच आहेत, तर त्यांच्या घरात तो जसा माळावर आहे तसा असावा. गणिती यांच्या आकड्यांवर माझं उत्तर असं की भावंडांची जोडी मी लावणारच नाही. त्याच काउंटीतली दुसरी ओळ असलेल्या माणसाशी नर बदलून घेईन. आणि पिल्लं विकणार नाही, ओळखीच्या पाळणाऱ्यांना देईन.

माळरान
विकणार नाही हे चांगलं. तरी देतानाही राज्याची हद्द ओलांडत असाल तर आधी तपासा. धरलेल्या जनावराबाबत राज्याचा नियम मोडला असेल आणि ते हद्दीपार गेलं, तर १९०० सालचा लेसी कायदा लागतो. अनेक राज्यांत जंगली जोडीच्या पिल्लांनाही जंगलीच धरतात.

कृष्णाकाठ (मिरज)
शेतकऱ्याचं वाचून बरं वाटलं. पण तो शेतकरी एकच मादी पाहून बदलला. त्यासाठी दरवर्षी नवी पिल्लं कशाला काढायची, हे मला अजून पटलेलं नाही.