षट्चक्रे देहात शोधायची की ध्यानात मांडायची?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गेल्या काही वर्षांत चक्रशुद्धी, चक्रजागृती, चक्रसंतुलन अशा नावांची शिबिरे लहान गावांतही भरू लागली आहेत, आणि तिथून परतलेली माणसे ‘माझे मणिपूर (नाभीचे चक्र) बंद आहे, म्हणून पित्त होते’ किंवा ‘अनाहत (हृदयाचे चक्र) मोकळे झाले, म्हणून रडू आले’ अशी विधाने रक्ततपासणीचा अहवाल वाचून दाखवावा तितक्या खात्रीने करतात. ध्यानाविषयी मला आदर आहे आणि नाथपंथीय योगाचे ग्रंथ मी जिव्हाळ्याने वाचत आलो आहे. म्हणूनच या बोलण्याची मला काळजी वाटते. माझे म्हणणे असे आहे की चक्रे ही साधकाने गुरूच्या सांगण्यावरून आपल्या देहावर भावनेने मांडायची ध्यानस्थाने आहेत. देहात जन्मतः असलेली, बिघडणारी आणि कोणा तिऱ्हाइताने दुरुस्त करावी अशी ती इंद्रिये नव्हेत.

याचा सर्वांत बोलका पुरावा परंपरेतच आहे. आज जी सहा चक्रे आणि वरचे सहस्रार आपण सांगतो, त्यांचे प्रसिद्ध वर्णन पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपणा’त येते, जे 1577 सालचे मानले जाते. त्यात मूलाधाराला 4, स्वाधिष्ठानाला 6, मणिपुराला 10, अनाहताला 12, विशुद्धीला 16 आणि आज्ञेला 2 पाकळ्या आहेत. त्यांची बेरीज 50 होते, आणि प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतले एक अक्षर आहे: विशुद्धीवर सोळा स्वर, आज्ञेवर ह आणि क्ष, मूलाधारावर व, श, ष, स. निसर्गाने मनुष्यदेहात संस्कृत वर्णमाला रुजवून ठेवली असे मानण्यापेक्षा, मंत्रशास्त्र जाणणाऱ्या साधकांनी साऱ्या वाणीचा आपल्या देहावर न्यास केला, म्हणजे एकेक अक्षर एकेका स्थानी मंत्राने स्थापले, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय त्यात त्या साधकांचा गौरवही अधिक आहे, कारण आपला देह हेच देवतेचे आणि शब्दब्रह्माचे अधिष्ठान करून टाकण्याची ती विलक्षण कल्पना आहे.

संख्येकडेही पाहावे. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चक्रे चार आहेत, कुब्जिकामतात सहा आहेत, आणि गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या सिद्धसिद्धान्तपद्धतीत नऊ आहेत. पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात नाभिचक्राचा उल्लेख केला आहे. षट्चक्रांची मांडणी किंवा कुंडलिनी, म्हणजे देहात निजलेली मानलेली आणि साधनेने चक्रांतून वर चढणारी शक्ती, त्यांच्या सूत्रांत नाही. मूत्रपिंडे दोन की चार, हा वाद संप्रदायानुसार होत नाही. चक्रांचा होतो, कारण प्रत्येक उपासनेने आपल्या देवतांना जागा द्यायला जितकी स्थाने लागली तितकी मांडली.

रंगांचे तर विचारूच नये. शिबिरांतल्या तक्त्यांवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याच्या क्रमाने सात चक्रे असतात. षट्चक्रनिरूपणात मणिपुराच्या पाकळ्या जलभरल्या मेघासारख्या काळ्यानिळ्या आहेत, आज ते पिवळे दाखवतात. अनाहत बंधूकपुष्पासारखे, म्हणजे दुपारीच्या फुलासारखे लाल आहे, आज ते हिरवे दाखवतात. आज्ञाचक्र चंद्रासारखे शुभ्र आहे, आज ते गर्द निळे दाखवतात. 1927 साली थिऑसॉफी या गूढवादी पंथाचे लेखक लेडबीटर यांनी आपल्या दिव्यदृष्टीला दिसलेली रंगीत चक्रे छापली, पुढे 1970 नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांत इंद्रधनुष्याचा क्रम रूढ झाला, आणि तोच आता आपल्याकडे ‘प्राचीन ऋषींचे ज्ञान’ म्हणून परत आला आहे. दयानंद सरस्वतींनी तरुणपणी गंगेत वाहत आलेले प्रेत फाडून, हठयोगाच्या पोथ्यांतली चक्रे त्यात सापडतात का हे पाहिले, आणि ती न सापडल्यामुळे प्रेताबरोबर त्या पोथ्याही नदीत सोडून दिल्या, असे त्यांनी स्वतःच आत्मकथनात सांगितले आहे. पोथ्या सोडण्याची त्यांची घाई मला मान्य नाही. परंतु जे आज चक्रांना दुरुस्त करण्याजोगा अवयव समजतात, त्यांना त्या प्रेताचे उत्तर द्यावेच लागेल.

सोऽहम्

आपण पाकळ्या आणि अक्षरे मोजली, ती बरोबर आहेत. परंतु मोजणीवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. प्रेतात चक्रे नव्हती, यात आश्चर्य कसले? प्राण निघून गेलेल्या देहात प्राणाची केंद्रे शोधणे हा मुळातच चुकीच्या जागी घेतलेला शोध होता. प्रेताच्या मेंदूत विचार सापडत नाहीत, म्हणून विचार ही केवळ ‘मांडणी’ आहे असे आपण म्हणत नाही.

ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना हे कोणी नुसते ऐकून लिहिले असेल असे मला कधीच वाटले नाही. ‘नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें’ या उपमेने आरंभ करून, साडेतीन वेढे घालून निजलेली ती शक्ती जागी होते, देहातले पृथ्वी आणि आप हे अंश खाऊन टाकते, मग तृप्त होऊन शांत होते, आणि देहाला नवी कांती येते, असा क्रम ते ओवीमागून ओवी सांगतात. गीतेच्या त्या श्लोकांत कुंडलिनीचे नावही नाही. तरी महाराज थांबून सांगतात, ‘पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु’, म्हणजे हे आमच्या नाथपरंपरेचे मर्म आहे. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती यांच्यापर्यंत आलेले हे मर्म त्यांनी 1290 साली मराठीत उघड केले. परंपरेने प्रत्यक्ष अनुभवलेल्या गोष्टीला आपण ‘कल्पना’ म्हणता तेव्हा तिचे मोल कमी होते, मग शब्द कितीही आदराचे असोत.

संख्या वेगवेगळ्या आहेत याचेही मला नवल वाटत नाही. एकाच नदीवर कोणी चार घाट बांधतो, कोणी नऊ. म्हणून नदी खोटी ठरत नाही. साधकाला जिथे थांबवायचे, तिथे गुरू स्थान दाखवतो.

आणि सूक्ष्म शक्तीचा स्थूल देहावर परिणाम होतो, हे मोजलेही गेले आहे. तिबेटी भिक्षू ‘तुम्मो’ साधनेत नाभिस्थानी अग्नीचे ध्यान करतात. अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या तीन साधकांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या हातापायांच्या बोटांचे तापमान 8.3 अंश सेल्सिअसपर्यंत वाढलेले आढळले, आणि ते निष्कर्ष 1982 साली ‘नेचर’मध्ये छापून आले. काश्मीरच्या गोपी कृष्णांना 1937 साली जम्मूत मस्तकातील कमळाचे ध्यान करताना जो अनुभव आला, त्यानंतर ते कित्येक वर्षे दाह, निद्रानाश आणि मरणप्राय अवस्थेतून गेले. नुसत्या मांडणीने माणूस असा भाजून निघतो काय?

प्रश्नोपासक

दोन्ही बाजू वाचल्या. मला या वादात एक साधा भेद करावासा वाटतो: अनुभव खरा असणे आणि अनुभवाचे दिलेले कारण खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीराच्या एखाद्या जागेवर दीर्घकाळ लक्ष एकवटले की तिथे ऊब, स्पंदन, मुंग्या किंवा जडपणा जाणवू लागतो. कपाळाच्या मध्यावर काही मिनिटे लक्ष ठेवणाऱ्या कोणालाही हे पडताळून पाहता येईल. ती जाणीव खोटी नाही, परंतु तेवढ्यावरून तिथे भौतिक जगापलीकडची शक्ती वसते, हे सिद्ध होत नाही.

तुम्मोच्या बाबतीतही पुढचा भाग सांगायला हवा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्वास रोखण्याची विशिष्ट पद्धत आणि ज्वालेची कल्पना या दोन घटकांचा वेगवेगळा विचार केला गेला. उष्णता निर्माण होण्यात श्वासाच्या पद्धतीचा वाटा दिसला आणि ती टिकवून धरण्यात कल्पनेचा. स्नायू, श्वास, रक्ताभिसरण आणि एकाग्र मन यांच्या साहाय्याने ही घटना समजावून घेता येते.

आपल्याकडे याची फार चांगली परंपरा आहे, आणि ती विसरली गेल्याचे मला मनापासून वाईट वाटते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले, आणि नौलीच्या, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याच्या योगक्रियेच्या, वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारा ऋण दाब उपकरणाने मोजून त्याला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. श्रद्धा असूनही मोजमाप टाळायचे नाही, ही त्यांची वृत्ती होती. याउलट 1927 साली मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी कुंडलिनी म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतूच, असे पुस्तक लिहिले, आणि त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या सर जॉन वुड्रफ यांना, म्हणजे षट्चक्रनिरूपणाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या गृहस्थांना, ते समीकरण पटले नाही. मला वुड्रफ बरोबर वाटतात. प्राचीन संकल्पनेवर आधुनिक अवयवाचे नाव चिकटवल्याने संकल्पनाही कळत नाही आणि अवयवही कळत नाही.

आता हातांनी ऊर्जा ‘जाणवण्या’विषयी. अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीने, रुग्णाचे ऊर्जाक्षेत्र हाताला जाणवते असे सांगणाऱ्या 21 उपचारकांची परीक्षा घेतली. त्यांनी पडद्यातून दोन्ही हात पलीकडे ठेवायचे, आणि एमिलीने आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर धरला आहे ते ओळखायचे, एवढीच ती परीक्षा होती. 280 प्रयत्नांत बरोबर उत्तरे 44 टक्के आली. अंदाजाने सांगितले असते तरी 50 टक्क्यांच्या आसपास आली असती. हा अभ्यास 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. ज्याला ऊर्जाक्षेत्र आहे की नाही हेच ओळखता येत नाही, त्याने ‘तुमचे मणिपूर बंद आहे’ असे कशाच्या आधारावर सांगावे? पोटदुखीच्या माणसाचे सहा महिने अशा उपचारात गेले आणि दुखणे अल्सरचे किंवा त्याहून वाईट निघाले, तर ती जबाबदारी कोणाची?

गोपी कृष्णांच्या यातनांबद्दल मला सहानुभूती आहे. परंतु इतका दाह आणि निद्रानाश सोसणाऱ्या माणसाला वैद्यकीय आणि मानसोपचारांची मदत मिळायला हवी, हाच त्यातून निघणारा धडा आहे असे मी मानतो.

इंद्रायणी

आमच्या घरात वारी आहे, त्यामुळे मी थोडे वेगळे सांगते. ज्ञानेश्वरीतला सहावा अध्याय सगळे दाखवतात, परंतु हरिपाठ रोज म्हणणाऱ्यांना माऊलींचेच ‘योगयागविधी येणें नोहे सिद्धि । वायांचि उपाधि दंभधर्म’ हे चरण पाठ असतात. बाराव्या अध्यायातही, अव्यक्ताच्या मागे लागणाऱ्यांना अधिक क्लेश होतात या गीतेच्या वचनावर माऊलींनी योगमार्गाचे कष्ट किती विस्ताराने सांगितले आहेत! ज्यांनी कुंडलिनीचे इतके सुंदर वर्णन केले, त्यांनी सामान्य संसारी माणसाच्या हाती मात्र नाम दिले, याचा आपण विचार करायला नको का?

चक्रे आहेत की नाहीत, हे मला ठरवता येणार नाही. मात्र पैसे भरून दोन दिवसांत कुंडलिनी जागवून देतो असे सांगणारा माणूस ना नाथांचा, ना वारकऱ्यांचा, हे मी ठामपणे म्हणेन. नाथपरंपरेत जे अधिकार पाहून एका शिष्याच्या कानात सांगितले जाई, ते आज सभागृहात ध्वनिक्षेपकावर सांगितले जाते.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सोऽहम् यांना माझे उत्तर असे आहे की ‘मांडणी’ म्हणजे ‘खोटे’ असे मी म्हटलेले नाही. देवघरातल्या मूर्तीत आपण प्राणप्रतिष्ठा करतो, तेव्हा ती मूर्ती आधीपासून जिवंत होती असा दावा कोणी करत नाही, आणि म्हणून पूजा व्यर्थ आहे असेही कोणी म्हणत नाही. तंत्रसाधनेत न्यास आणि भूतशुद्धी (देहातल्या पंचमहाभूतांची भावनेने केलेली शुद्धी) यांचे स्थान नेमके हेच आहे: मंत्र, स्पर्श आणि भावना यांनी साधक देहाला देवतेचे आसन बनवतो. तिबेटी साधकाने नाभीत ज्वाला कल्पिली आणि बोटे तापली, हे तर माझ्याच म्हणण्याला बळ देते. भावना इतकी समर्थ असते की तिने देह बदलतो. परंतु ती ज्याची त्याने करावी लागते. तिऱ्हाइताला ती माझ्या पोटात ‘बंद’ पडलेली दिसू शकत नाही.

आपले घाटांचे उदाहरण सुरेख आहे. पण घाट बांधलेला असतो, हे आपणही त्यात मान्य केलेच आहे.

प्रश्नोपासकांशी माझा मतभेद इतकाच आहे की मोजता येते तेवढेच साधनेत मोलाचे, असा त्यांच्या लिखाणाचा रोख वाटतो. सोळा स्वर कंठात ठेवून रोज त्यांचे स्मरण करणारा साधक आपल्या बोलण्याकडे ज्या जबाबदारीने पाहू लागतो, ती कोणत्या उपकरणाने मोजणार? आणि इंद्रायणीताईंनी अधिकाराचा मुद्दा काढला, तो मला या साऱ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रश्नोपासक

मोजता येत नाही ते मोलाचे नाही, असे मी कोठेही म्हटलेले नाही. मात्र आजार बरा होतो असा दावा झाला, की तो मोजण्याच्या कक्षेत आपोआप येतो. जो साधक असा दावा करत नाही, त्याच्या ध्यानाला माझा काहीही आक्षेप नाही.

सोऽहम्

कोणाचेही चक्र पाहून रोगाचे निदान करू नये, हे मी पूर्वीपासून मानतो, आणि माझ्या गुरूंनीही ते कधी केले नाही. शिबिरांचा बचाव मला करायचा नाही.

परंतु प्राणप्रतिष्ठेचे उदाहरण मला अर्ध्या वाटेपर्यंतच नेते. आरंभीची वर्षे साधक मांडतो, हे खरे. अक्षर आठवावे लागते, स्थान धरून ठेवावे लागते, मन सुटले की पुन्हा आणावे लागते. पुढे असा काळ येतो की मांडणे थांबते आणि तरीही आतले चालूच राहते, साधकाच्या इच्छेविरुद्धसुद्धा. माऊली त्याच अध्यायात पुढे सांगतात की हृदयापाशी पोचल्यावर कुंडलिनी हे नाव गळून पडते, तिला मारुत म्हणतात, आणि शिवाशी मिळेपर्यंत तिचे शक्तिपण मात्र उरते. ज्याने नाव दिले आणि मांडणी केली, त्याचाच हात तिथे सुटलेला असतो. मग उरते ते कोणाचे? त्या ओव्या आपण ‘मांडणी’च्या अर्थाने कशा लावता, ते सविस्तर लिहावे. मला ते खरोखर समजून घ्यायचे आहे.