फक्त रिकार्डसन कशाला, मेजर पण आहे की

कोणीतरी लिहिलं होतं की स्पीडवेत (म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीत) सहा वर्ल्ड टायटल म्हणजे स्वीडनचा टोनी रिकार्डसनच. अहो, त्याच्या आधी न्यूझीलंडचा आयव्हन मेजर होता ना (Mauger हे स्पेलिंग बघून आपण मॉगर वाचतो, मीपण कित्येक वर्षं तेच म्हणत होतो). १९६८, ६९, ७० सलग तीन, मग ७२, ७७ आणि शेवटचं ७९ ला पोलंडमध्ये, तेव्हा गडी चाळिशीच्या तोंडावर, आणि हे सगळं ब्रेक नसलेल्या, एकाच गिअरच्या ५०० सीसी गाडीवर, वळणावर मागचं चाक घसरवत!

पण मला भारी वाटते ती सुरुवात. १९५७ ला सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडला आला, विंबल्डनच्या स्पीडवे टीममध्ये (टेनिसवालं डोक्यात आणू नका), काही जमलं नाही, घरी परत. मग १९६३ ला पुन्हा आला, न्यूकॅसलकडून, आणि तिथून गाडी सुटली ती सुटलीच.

७० ला जिंकलेल्या बाइकला तर दोन अमेरिकन चाहत्यांनी चक्क सोन्याचा मुलामा दिला. आपल्याकडे फार तर हार घालून नारळ फोडला असता.